रेस दोन आठवड्यांवर आली आणि पाय गप्प बसेनात

या वेळी आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच काळजीची आहेत. चार-चार महिने पहाटे उठून बडोद्यात कमाटी बागेच्या बाहेर, ओल्ड पादरा रोडवर, अकोटा ब्रिजवर पळालेली माणसं आता शेवटच्या दोन आठवड्यांत घाबरलीयेत. मी स्वतः या दोन आठवड्यांत बऱ्याच वेळा चुकले आहे, म्हणून काही उत्तरं जरा लांबली तर चालवून घ्या.

ताई, माझी पहिलीच हाफ मॅरेथॉन आहे, १३ दिवस राहिलेत. सगळ्यात लांब रन १८ किमीचा झालाय. आता प्लॅनमध्ये एकदम कमी पळायचं लिहिलंय, या रविवारी फक्त १२. मला भीती वाटते की कमावलेला स्टॅमिना उतरेल. ग्रुपमधले एक जण म्हणतात की आधीच्या रविवारी पूर्ण २१ पळून बघ, कॉन्फिडन्स येईल. त्यात तीन दिवसांपासून उजवा गुडघा दुखतोय, जो चार महिन्यांत एकदाही दुखला नव्हता, आणि वजन सव्वा किलो वाढलंय. काय करू? (मांजलपूर)

दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, आधीच्या रविवारी २१ पळू नका. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार पण तुम्ही नका पळू.

कारण असं की पळताना शरीर तयार होत नाही, पळताना ते झिजतं, आणि तयार होतं नंतर, झोपेत, आरामात. एका दमदार रनचा फायदा अंगात मुरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणजे रेसच्या सात दिवस आधी जे काही जोरात पळाल त्याचा थकवा रेसला तुमच्याबरोबर येणार आणि फायदा मात्र रेस झाल्यावर पोचणार. मी दुसऱ्या हाफच्या वेळी हेच केलं होतं. आठ दिवस आधी मन राहवेना म्हणून १९ किमी मारले, तेही चांगल्या स्पीडने, आणि घरी आल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू. रेसच्या दिवशी १४ व्या किलोमीटरला मांड्या अशा झाल्या जणू ओलं पोतं बांधलंय, श्वास ठीक, मन ठीक, फक्त पाय उचलेनात. पुढचे सात किलोमीटर मी चालत-पळत काढले आणि सगळा वेळ तो १९ किमीचा रविवार आठवत होता.

स्टॅमिना उतरेल ही भीती खरी नाही. पूर्ण बंद केलंत तरी चार-पाच दिवसांत फार काही जात नाही, आणि तुम्ही तर बंद करतच नाही आहात, कमी करताय. २००७ साली लॉरां बॉस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेपरवरचे, म्हणजे रेसच्या आधी पळणं कमी करत नेण्यावरचे, आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात सगळ्यात चांगला निकाल निघाला तो दोन आठवड्यांच्या टेपरचा, ज्यात एकूण पळणं ४१ ते ६० टक्क्यांनी कमी केलं पण स्पीड आणि आठवड्यातले दिवस तेच ठेवले. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. टेपर म्हणजे दोन आठवडे सोफ्यावर पडून राहणं नाही, आणि रोज रमतगमत जॉगिंग करणंही नाही. तुम्ही आठवड्यातून चार दिवस पळत असाल तर चारच दिवस पळा, पण प्रत्येक दिवस छोटा करा. समजा आठवड्याला ४० किमी होत होते, तर या आठवड्यात २६-२७ करा, रेसच्या आठवड्यात रेस सोडून १५-१६ बस. आणि त्यात मंगळवारी किंवा बुधवारी ५-६ किमीच्या मधले दोन किलोमीटर रेसच्या पेसने, म्हणजे एका किलोमीटरला रेसमध्ये जेवढा वेळ लावणार तेवढ्याच वेगाने, जरूर पळा, म्हणजे पायांना तो ठेका लक्षात राहतो. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी सकाळी पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, शेवटी १५-२० सेकंदांचे चार मोकळे, थोडे वेगातले तुकडे, मग घरी.

वजनाचं टेन्शन तर मुळीच घेऊ नका, ती चांगली बातमी आहे. पळणं कमी झालं की स्नायूंमध्ये ग्लायकोजेन भरतं, म्हणजे रेसच्या दिवशीचं पेट्रोल, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. एक-दीड किलो वाढ याच्यातच होते. ती बघून भात बंद करणारे लोक मी पाहिलेत, ते भरलेली टाकी रिकामी करून स्टार्टला येतात.

आता गुडघा. टेपरमध्ये असं होतं, खूप जणांना होतं. इतके महिने थकव्याखाली बारीकसारीक दुखणी ऐकूच येत नव्हती, आता शरीर शांत झालंय आणि लक्षही सारखं तिकडेच, त्यामुळे आज गुडघा, उद्या टाच, परवा कंबर. दुखणं जागा बदलत असेल, दहा मिनिटं पळाल्यावर गायब होत असेल, तर तसं ओळखा आणि सोडून द्या. पण सूज असेल, लंगडायला होत असेल, हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल किंवा पळताना दुखणं वाढत जात असेल तर मात्र वाट बघू नका, याच आठवड्यात फिजिओला दाखवा. आधी दाखवलं तर हातात दिवस असतात.

माझे आजोबा दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. ते सांगायचे की कुस्तीच्या आधी दोन दिवस अंगाला तेल लावून पडून राहायचं, कोणी म्हणालं चल दोन डाव खेळू तरी मातीत उतरायचं नाही. त्यांना ग्लायकोजेन माहीत नव्हतं पण हे माहीत होतं.

आणि हो, वेळ मोकळा मिळाला म्हणून माळा साफ करायला, कपाटं सरकवायला काढू नका. बॉक्स क्रिकेटही नको. हे मी मुद्दाम लिहितेय कारण दरवर्षी कोणीतरी हे करतं.

ताई, टेपर नेमका संक्रांतीत आलाय. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस अगाशीवर (गच्चीवर), त्यानंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची घरं, रोज दोन-तीन तरी. उंधियो, जिलेबी, तिळाच्या वड्या. सगळं सोडू का? (दांडिया बाजार)

अजिबात सोडू नका. वर्षातून एकदा येणारा सण सोडून जी रेस पळायची तिच्यात मन लागत नाही, हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. फक्त थोडं सांभाळा. दिवसभर मान वर करून सिमेंटवर उभं राहणं म्हणजे पोटऱ्यांना लाँग रनसारखंच पडतं, संध्याकाळी कळतं. तेव्हा अगाशीवर एक खुर्ची न्या, अनवाणी राहू नका, जाड सोलची चप्पल घाला, टोपी घाला, पाणी जवळ ठेवा. फिरकी धरायचं काम बसून करता येतं, पतंग चढवायला घरात लहान मुलं आहेतच. कापलेल्या पतंगामागे धावू नका. पाय मुरगळायला एवढंसं कारण पुरतं.

त्या दोन दिवसांत पळायचं असेल तर उजाडताच पळून या. नंतर रस्त्यावर झाडांवरून, तारांवरून मांजा लोंबत असतो, पायात गुंततो, आणि गळ्याशी आला तर काय होतं ते बडोदेकरांना सांगायला नको. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) देशभर बंदी घातली तरी तो दिसतोच. ॲक्टिव्हावर जाताना गळ्याला मफलर गुंडाळा.

खाण्याचं म्हणाल तर तिळगूळ, चिक्की, जिलेबी यांनी काही बिघडत नाही, गूळ-साखर पायांनाच लागणार आहे. उंधियोचं तेल आणि पापडीचे दाणे मात्र पोटात रेंगाळतात आणि गॅस करतात, रेसच्या आधीचे दोन-तीन दिवस तो नको, लीलो चिवडो आणि सेव-उसळही नको. हळदीकुंकवाची घरं शनिवारची असतील तर यजमानीण बाईंना सरळ सांगा की रविवारी रेस आहे, मी सोमवारी येते. वाण सोमवारीही मिळतं.

ताई, मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, २० वर्षांची आहे. प्रॅक्टिसमध्ये मी मस्त पळते पण रेस म्हटलं की माझं काहीतरी होतं. मागच्या १० किमीच्या वेळी आदल्या रात्री डोळाच लागला नाही, स्टार्टच्या आधी अर्ध्या तासात तीनदा टॉयलेटला गेले, छाती धडधडत होती, हात गार. पहिले दोन किलोमीटर वेड्यासारखे जोरात पळाले आणि मग दम गेला. आता हाफला तर २१ किमी आहेत. आईला सांगितलं तर ती म्हणते एवढं होतं तर पळतेस कशाला. (फतेहगंज)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्यात काही बिघडलेलं नाही हे आधी ऐक. जे होतंय ते ॲड्रेनलिनमुळे होतंय, शरीराला कळलंय की आज काहीतरी मोठं करायचंय म्हणून ते हृदय जोरात चालवतं, रक्त पोटाकडून आणि बोटांकडून काढून मोठ्या स्नायूंकडे पाठवतं, आतड्यांना म्हणतं रिकामं करा. हात गार पडणं, टॉयलेटला जाणं, धडधड, सगळं एकाच कारणाने. आणि पळायला लागल्यावर तुला नेमकं हेच हवं असतं. फक्त ते अर्धा तास आधी सुरू झालंय आणि तू उभी आहेस, म्हणून त्याला कुठे जायचं ते कळत नाही.

त्यामुळे "शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगून उपयोग होत नाही. २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी यावर प्रयोग केले, लोकांना अनोळखी माणसांसमोर गाणं म्हणायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं घातली, आणि ज्यांनी आधी मोठ्याने "मी एक्सायटेड आहे" असं म्हटलं त्यांचं काम "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड तीच, तिला नाव वेगळं. तू तुझ्या शब्दांत म्हण, "आज मला पळायचंय", आणि ओठ हलवून म्हण, मनातल्या मनात नको.

झोपेचं सांगते. आदल्या रात्रीची झोप गेल्याने रेस जात नाही. आदल्या रात्री फार कमी लोक नीट झोपतात, स्टार्टला तुझ्या आजूबाजूला उभे असलेल्या कोणालाही विचार. महत्त्वाच्या आहेत त्याच्या आधीच्या रात्री, म्हणजे बुधवारपासून शुक्रवारपर्यंत रोज एक तास लवकर झोपायला जा, शुक्रवारची रात्र तर कोणालाही देऊ नकोस. शनिवारी साडेनऊला दिवा बंद करून पड, झोप आली तर आली, नाही आली तर डोळे मिटून पडणं हासुद्धा आराम आहे. घड्याळ उलटं ठेव. झोपेची गोळी नको, कोणी कितीही हलकी आहे म्हणून दिली तरी.

भीतीला हातांनी करायचं काम द्यावं असं मला वाटतं. शनिवारी दुपारीच सगळं काढून ठेव. मी काय करते सांगते, खुर्चीच्या पाठीवर टी-शर्ट, त्याला चार पिनांनी बिब (छातीवरचा नंबर) लावलेला, आणि तो लावून झाल्यावर मी एकदा टी-शर्ट घालून दोन्ही हात वर करून बघते की पिन काखेत टोचत नाही ना. खुर्चीवर शॉर्ट्स आणि मोजे, धुतलेले, नवीन नाहीत. खाली शूज, त्यात वेळ मोजायची चिप असेल तर ती आधीच बांधलेली. पाकिटात परतीचे पैसे, एक ओआरएस, टिश्यू. हे सगळं होईपर्यंत पाऊण तास जातो आणि त्या पाऊण तासात मला रेसची आठवण येते पण भीती येत नाही. पहाटे कोण सोडणार, कुठून आत जायचं, हेही शनिवारीच ठरव, नवलखी ग्राउंडच्या आसपास रेसच्या सकाळी गाडी लावायला जागा शोधत फिरणं म्हणजे उगाच घाम.

पोटासाठी शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या आत वरण-भात किंवा मऊ खिचडी खा, कोशिंबीर नको, कडधान्य नको, बाहेरचं काहीच नको. रेसच्या सकाळी अडीच तास आधी ऊठ आणि लाँग रनच्या आधी जे खात आलीस तेच खा, दोन केळी असोत, ब्रेड-जॅम असो की थोडासा सांजा. चहा रोज घेत असशील तर घे, पोट साफ व्हायला मदतच होते. ग्राउंडवर तासभर आधी पोच आणि पोचल्यावर आधी टॉयलेटच्या रांगेत उभी राहा, जायचं असो नसो. रांग संपेपर्यंत जायची वेळ होतेच. तीनदा जावं लागलं तर तीनदा जा, त्याची लाज नको.

स्टार्टला उभी असशील तेव्हा चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. बाहेरचा श्वास लांब असला पाहिजे, त्याने हृदयाचे ठोके खरोखर खाली येतात. आत्तापासून रोज रात्री कर म्हणजे त्या दिवशी नवीन वाटणार नाही.

आणि ते पहिले दोन किलोमीटर. तुझी मागची रेस तिथेच गेली, झोपेने नाही. ॲड्रेनलिनमध्ये जोरात पळणं सोपं वाटतं, फसवतं. तुला २ तास १५ मिनिटांत संपवायचं असेल तर पेस होतो ६ मिनिटं २४ सेकंद प्रति किमी, तर पहिले तीन किलोमीटर तू मुद्दाम ६:४० ने पळ. गर्दी तुझ्या पुढे जाईल, जाऊ दे. बोलता येतंय ना एवढंच बघ, शेजारच्या माणसाला "कितवी रेस?" असं पूर्ण वाक्य विचारता आलं तर पेस बरोबर आहे. मनात तीन आकडे ठेव, सगळं जमून आलं तर अमुक, साधारण दिवस असेल तर तमुक, आणि तिसरं म्हणजे फक्त पूर्ण करायचं. एकच आकडा ठेवला की तो हुकल्याबरोबर पाय बसतात.

आईवर रागावू नकोस. तिला तुझी रडवेली सकाळ दिसते, पळतानाची तू दिसतच नाहीस. तिला म्हण, १७ व्या किलोमीटरला येऊन उभी राहा, तिथे मला सगळ्यात जास्त गरज असते. माझी आई एकदा तशी आली होती, हातात केळ्याचे तुकडे घेऊन, मी केळं घेतलंच नाही पण पुढचा अख्खा किलोमीटर कसा गेला मला कळलं नाही. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही पळतेस कशाला.

पाण्याचं काय? कोणी म्हणतं रेसच्या आधी चार लिटर प्या. (गोत्री)

नको. तहानेप्रमाणे प्या. आदल्या दिवशी लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे झालं. जबरदस्तीने पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. जानेवारीत पहाटे आपल्याकडे गारवा असतो, पाण्याच्या टेबलांवर दोन-तीन घोट पुरतात.

ताई, माझी तारीख नेमकी रेसच्या दिवशी येतेय. पूजेच्या वेळी पुढे ढकलायची गोळी घेते तशी घेऊ का? (कारेलीबाग)

स्वतःहून नका घेऊ. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, काहींना त्याने मळमळतं, डोकं दुखतं, अंगावर सूज येते, आणि ज्यांना आधी रक्ताची गाठ झालीये, घरात कोणाला झालीये किंवा डोळ्यांपुढे चमकून मायग्रेन येतं त्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. घ्यायचीच असेल तर गायनॅकला आत्ताच विचारा, दोन दिवस आधी नाही. पाळीत पळणं चालतं, मी पळालेय, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी पळाल्यात. गडद रंगाच्या टाइट्स, जे नेहमी वापरता तेच पॅड किंवा कप, कडेला व्हॅसलिन, कमरेच्या पाउचमध्ये एक जास्तीचं. पोटात दुखलं तर रात्री गरम पाण्याची पिशवी घ्या. पण मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या घेऊन २१ किमी पळू नका, घामाने पाणी कमी झालेलं असताना त्यांचा ताण किडनीवर आणि पोटावर पडतो. हे पुरुषांनाही लागू आहे, गुडघ्यासाठी सकाळी गोळी टाकून येणाऱ्यांना विशेष.

माझं वय ५८. रेस रविवारी आहे, सोमवारी १०२ ताप होता, आता उतरलाय पण अंग मोडल्यासारखं वाटतं, छातीत खोकला आहे. बीपीची गोळी चालू आहे. ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांना सांगून बसलोय. हळूहळू पळालो तर? (समा)

काका, नका पळू. नुसतं नाक वाहत असतं, घसा खवखवत असता तर मी म्हटलं असतं दहा मिनिटं चालून बघा. पण ताप येऊन गेलाय, अंग दुखतंय, खोकला छातीत उतरलाय, अशात हळूसुद्धा नाही. व्हायरल तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, ती बाहेरून कळत नाही, आणि अशा हृदयाला दोन-अडीच तास पळवणं ही फार मोठी जोखीम आहे, तुमच्या वयात आणि बीपी असताना तर मी विचारही करणार नाही. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवा, आजारपणात आपल्या मनाने बंद करू नका. खोकला राहिला, धाप लागली किंवा छातीत कसंतरी वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे जा.

सगळ्यांना सांगितलंय याचं किती वाईट वाटत असेल ते मला समजतं. चार महिन्यांची मेहनत आहे ती. पण ती वाया गेलेली नाही, ती तुमच्या पायांत आहे आणि थोड्या दिवसांच्या सुट्टीने सगळी जात नाही. बिब मिळत असेल तर जाऊन घेऊन या, आयोजकांना विचारा की एंट्री पुढच्या वर्षी वळवता येते का, काही ठिकाणी वळवून देतात. बरं वाटायला लागल्यावर अजून तीन-चार दिवस जाऊ द्या, डॉक्टरांना एकदा दाखवा, मग सुरुवात वीस मिनिटं चालण्यापासून करा, दुसऱ्या दिवशी थकवा राहिला नाही तरच वाढवा. फेब्रुवारीतल्या एखाद्या थंड सकाळी तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर २१ किमी पूर्ण करा, सोसायटीतल्या दोघांना पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवर बरोबर घ्या. आणि झाल्यावर मला कळवा, मी वाट बघतेय.